आताच्या पोरांना लिहाय-वाचायला शिकवायचं म्हणजे नेमकं काय काय शिकवायचं

जनगणनेत साक्षर कोणाला म्हणतात माहितीये का? सात वर्षं किंवा त्याहून मोठा कोणीही, ज्याला कुठल्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येतं, तो साक्षर. या हिशोबाने २०११ ला महाराष्ट्र ८२ टक्क्यांवर होता आणि आपला नाशिक जिल्हाही साधारण तिथेच. आता याच हिशोबाने सिडकोतली नववीतली कुठलीही पोरगी साक्षर, मराठी वाचते, हिंदी वाचते, इंग्रजी अडखळत का होईना वाचते. पण तिला म्हणा की बाळा, शिष्यवृत्तीची खरी साइट कुठली आणि तिच्यासारखी दिसणारी खोटी कुठली ते दाखव, किंवा ग्रुपवर आलेला पुराचा व्हिडिओ आजचा का जुना ते सांग, की ती गडबडते. यात तिचा काही दोष नाही, तिला हे कोणी बसून शिकवलेलंच नाही. आपण फोन हातात दिला, रिचार्ज मारून दिला आणि समजलो की पोरं आपली आपण शिकतील.

सरकारनेही आता व्याख्या मोठी केलीये बरं का. २०२२ ते २०२७ साठीचा जो नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे, उल्लास नावाने ओळखतात तो, त्यात पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांना अक्षर-अंक ओळखीसोबत डिजिटल व्यवहार, पैशाचे व्यवहार, कायद्याची माहिती हेही शिकवायचं ठरलंय. दिशा बरोबर आहे. पण माझं म्हणणं याच्या थोडं पुढचं आहे. आज ज्याला शोधता येतं, आलेलं तपासता येतं, चार लोकांना उपयोगी पडेल असं स्वतः लिहिता येतं, दुसऱ्याचं घेतलं तर त्याचं नाव सांगता येतं आणि हे करताना स्वतःला सांभाळता येतं, त्याला मी साक्षर म्हणते. आणि यातलं एकही काम एकट्याने कोपऱ्यात बसून नीट शिकता येत नाही, चार जण लागतातच. म्हणून खाली जे लिहितेय ते क्लासच्या सिलॅबससारखं नाहीये, तुमच्या सोसायटीत, गल्लीत, शाळेच्या एखाद्या वर्गात रविवारी दीड तास बसून करता येईल असं आहे.

बसायच्या आधी

सहा ते दहा जण पुरे. पोरं आणि मोठी माणसं मिसळून घ्या, सगळी दहावीची पोरं एकत्र आणू नका. एखादी मावशी जिने मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलंय आणि फॉर्म, फी, असाइनमेंट सगळं ऑनलाइन आहे म्हणून धास्तावलीये, ती या गटात सोनं आहे, कारण तिला खरी गरज आहे आणि ती प्रश्न विचारायला लाजत नाही.

फोन तीन जणांत एक, मुद्दाम. प्रत्येकाच्या हातात फोन दिला की सगळे माना खाली घालून गप्प बसतात. एका फोनवर तिघं वाकले की बोलावंच लागतं, हे उघड, नको आधी ते बघ, अगं तारीख बघ ना. हे बोलणं म्हणजेच शिकणं आहे. वेळ ठरवताना घरातल्या ड्यूट्या बघा, सातपूर-अंबडच्या कंपन्यांत शिफ्ट असते, घरातला एकुलता एक चांगला फोन बाबांसोबत कामावर गेलेला असतो. नेट मध्येच जातं म्हणून लागणारे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. आणि प्रत्येकाला एक साधी शंभर पानी वही, ती कशासाठी ते शेवटी सांगते.

पहिली बैठक: त्यांना काय येतं ते आधी बघा

सुरुवात धोक्यांपासून करू नका. फ्रॉड, व्यसन, डोळे खराब होतात असलं सुरू केलं की पोरं पाचव्या मिनिटाला मनाने निघून जातात. त्याऐवजी वहीत लिहायला लावा की काल दिवसभरात फोनवर काय काय वाचलं आणि काय काय लिहिलं. मग सगळ्यांचं फळ्यावर मांडा. रील, त्याखालच्या कमेंट, शाळेच्या ग्रुपवरचा होमवर्क, गेममधलं चॅट, किराणा दुकानात केलेलं पेमेंट, आजोबांना वाचून दाखवलेला कांद्याचा भाव, ताईचा महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या साइटवरचा फॉर्म. फळा भरतो. हे सगळं वाचन-लेखनच आहे हे पोरांना पहिल्यांदा दिसतं, आणि तुम्हालाही कळतं की कोणाला काय येतं. अख्ख्या गल्लीचे फॉर्म भरून देणारी एखादी पोरगी निघतेच, तिला पुढच्या एका बैठकीची मास्तरीण करा.

शोधायला शिकवणं

इथे जरा जास्त वेळ द्या, कारण सगळ्यांना वाटतं की हे आपल्याला येतं. "आज कांद्याला काय भाव" असं टाकायचं आणि वर जे येईल ते वाचायचं, याला आपण शोधणं म्हणतो. वर येतं काय, तर कुठल्या तरी चॅनेलची बातमी, तारीख बघावी तर महिन्यापूर्वीची, किंवा एखादा व्हिडिओ ज्याच्या फोटोवर लाल अक्षरात भलामोठा आकडा.

त्यापेक्षा असं करा. राज्य कृषी पणन मंडळाची साइट उघडा, कांदा निवडा, बाजार समिती लासलगाव. समोर एक तक्ता येतो, त्यात आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर असे रकाने असतात आणि भाव क्विंटलला असतो. आता पोरांना विचारा, रीलवाल्याने यातला कुठला आकडा उचलला असेल? जास्तीत जास्तवालाच. तो त्या दिवशी बाजारातल्या एखाद-दुसऱ्या एक नंबर मालाला मिळालेला असू शकतो. बाकीच्यांना काय मिळालं याचा अंदाज सर्वसाधारण दरावरून येतो. मग ज्याच्या घरी निफाड-चांदवडकडे शेती आहे त्याला पुढच्या रविवारी घरची हिशोबपट्टी आणायला सांगा आणि त्याच तारखेचा तक्ता उघडून शेजारी ठेवा. उन्हाळ का लाल, कुठली समिती, हमाली-तोलाई कापून किती हातात आले, हे सगळं पोरं बारकाईने वाचायला लागतात, कारण तो बापाच्या घामाचा पैसा आहे. तक्ता वाचणं, रकान्याचं नाव वाचणं, तारीख वाचणं, आकडा कोणी नोंदवला ते बघणं, एवढं एका कांद्यातून शिकवून होतं. मी गणिताच्या पुस्तकातून हे इतकं चांगलं शिकलेलं कोणी बघितलेलं नाही.

शोधताना एक सवय लावून घ्या, गाव, वस्तू, साल आणि नोंद ठेवणारं ऑफिस हे चारही शब्द टाकायचे. आणि मराठीत एकदा, इंग्रजीत एकदा, दोन्हीकडे शोधायचं, उत्तरं वेगवेगळी येतात.

तपासायला शिकवणं

पावसाळ्यात हे शिकवायला घ्या, उदाहरण आपोआप चालत येतं. जुलै-ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकच्या प्रत्येक ग्रुपवर व्हिडिओ फिरतात, दुतोंड्या मारुती बुडाला, रामकुंड पाण्याखाली, लवकर शेअर करा. आता गोदावरीच्या पात्रातली ही दुतोंड्या मारुतीची मूर्ती म्हणजे आपलं पुराचं माप आहे, पाणी त्याच्या कमरेला लागलं का छातीला लागलं यावरून जुनी माणसं पूर सांगतात, म्हणून तो व्हिडिओ बघून कोणाचंही काळीज हलतंच. पण २०१६ लाही मोठा पूर आला होता, २०१९ लाही आला होता, आणि तेव्हाचे व्हिडिओ लोकांच्या फोनमध्ये अजून आहेत.

तर व्हिडिओ लावा आणि मध्येच थांबवा. वर दुहेरी बाण दिसतोय का? व्हॉट्सॲपवर पाच किंवा जास्त हातांतून पुढे आलेल्या मेसेजला तो लागतो, आणि असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. बाण म्हणजे खोटं असं नाही, पण पाठवणाऱ्याने तो स्वतः काढलेला नाही एवढं नक्की. मग व्हिडिओतले दोन-तीन क्षण पकडून स्क्रीनशॉट काढा आणि गुगल लेन्समध्ये टाका, हेच चित्र आधी कुठे आलंय का बघा. मग नुसत्या डोळ्यांनी बघा, अहिल्यादेवी होळकर पूल दिसतोय का, दुकानांच्या पाट्या मराठीत आहेत का, लोकांनी मास्क लावलेत का, घाटावर आता जे बांधकाम आहे ते त्यात दिसतंय का. नाशिकच्या पोराला घाट तोंडपाठ असतो, इथे तो तुमच्या-माझ्याहून हुशार ठरतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, व्हिडिओ सोडा आणि बाहेर पडा. आज धरणातून किती क्युसेक (म्हणजे सेकंदाला किती घनफूट) पाणी सोडलंय हे जिल्हा प्रशासन सांगतं, पेपरवाले छापतात, ते दोन ठिकाणी बघा. हा बाहेर पडायचा मुद्दा माझ्या मनचा नाहीये. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ ला इतिहासाचे १० अभ्यासक, १० फॅक्ट चेकर (म्हणजे बातम्या खऱ्या का खोट्या ते तपासणारे) आणि २५ विद्यार्थी यांना अनोळखी वेबसाइटी तपासायला दिल्या. चांगले शिकलेले इतिहासाचे अभ्यासकसुद्धा फसले, कारण ते त्याच साइटवर बसून तिचा लोगो, तिची भाषा, तिची मांडणी वाचत राहिले. फॅक्ट चेकर मात्र काही क्षणांतच तिथून निघाले, नवे टॅब उघडले आणि या साइटबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघायला लागले, आणि कमी वेळात बरोबर उत्तराला पोचले. शाळेत आपण उलटं शिकवतो, दिलेला उतारा नीट वाचा, पुन्हा वाचा, उत्तर त्यातच आहे. नेटवर कितीतरी वेळा उत्तर उताऱ्याच्या बाहेर असतं. हा फरक पोरांना स्पष्ट शब्दांत सांगा, कारण त्यांची दहा वर्षांची सवय मोडायची आहे.

जमलं तर एकदा पांडवलेण्यांना घेऊन जा. तीन नंबरच्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा कोरलेला लेख आहे. ब्राह्मी आपल्याला वाचता येत नाही, पण त्यात काय आहे ते अभ्यासकांनी वाचून ठेवलंय, पुळुमावी राजाचं एकोणिसावं वर्ष, दान देणारी कोण, कोणाची आई, लेणं कोणत्या भिक्खूंना दिलं. कोणी, कधी, काय, कोणाला. आता फोनमधला कुठलाही फॉरवर्ड काढा आणि यातलं किती त्यात सापडतं ते तिथेच बसून बघा. पोरं हे विसरत नाहीत.

तपासून झालं की पुढचं काम नाजूक आहे, ग्रुपवर सांगायचं कसं. काकांनी जुना व्हिडिओ टाकला आणि पुतण्याने सगळ्यांसमोर "फेक आहे" म्हणून टाकलं की काका दुखावतात, आणि पुढच्या वेळी हट्टाने तेच करतात. त्यापेक्षा काकांना वेगळा मेसेज करा, "काका, हा व्हिडिओ २०१९ चा दिसतोय, ही तेव्हाची बातमी बघा, आज पाणी कमी आहे." काका स्वतःच काढून टाकतात बहुतेक वेळा. हा मेसेज पोरांकडून वहीत लिहून घ्या, वाचून घ्या, सुधारून घ्या. मला तर हा निबंधापेक्षा चांगला निबंध वाटतो.

पैसे, फॉर्म आणि पासवर्ड

यूपीआयचं एकच वाक्य पाठ करून घ्या, पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. "तुम्हाला पैसे पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणणारा चोर आहे, संपला विषय. डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाही, कुठलाही पोलिस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. आणि पैसे गेलेच तर लाजत बसायचं नाही, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा, जितका उशीर तितके पैसे पुढे पुढे सरकत जातात. याचं नाटक करून घ्या, एक जण चोर, एक जण आजी, बाकीचे ऐकतात. आजीलाच आजी करा.

फॉर्मचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. कितीतरी मुलींचे कॉलेजचे, शिष्यवृत्तीचे फॉर्म नेट कॅफेत भरले जातात, तिथला माणूस आयडी काढतो, पासवर्ड त्याच्या रजिस्टरमध्ये, ओटीपी येतो मामाच्या नंबरवर, आणि पुढच्या वर्षी अर्ज रिन्यू करायची वेळ आली की दुकान हललेलं आणि नंबर बंद. त्या पोरीला मराठी उत्तम लिहिता येतं, पण स्वतःच्याच अर्जाला हात लावता येत नाही. म्हणून एक पूर्ण रविवार यालाच द्या. स्वतःचा ईमेल, पासवर्ड स्वतःचा आणि लांब, टू स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू, आधारला कुठला मोबाइल नंबर जोडलाय ते माहीत असणं, डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये मार्कशीट. कॅफेवाल्याकडून फॉर्म भरून घ्यायला हरकत नाही, पण कीबोर्डवर पासवर्ड टाईप करताना बोटं तिचीच हवीत.

लिहायला लावणं

इथपर्यंत बरेच जण येतात आणि थांबतात. पण नुसतं तपासणारा माणूस अर्धाच साक्षर. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे आणि तो तुमच्या-आमच्यासारख्यांनीच लिहिलाय. पोरांना आपापल्या गावाचं पान उघडायला सांगा. बऱ्याच गावांची पानं दोन-चार ओळींची असतात. आधी "इतिहास" टॅब दाखवा, कोणी कधी काय बदललं सगळं तिथे दिसतं. मग चर्चा पान. मग एकच वाक्य भर घालायचं, पण ते छापील पुस्तकाच्या आधारावर, आपल्या शब्दांत, आणि पुस्तकाचं नाव, लेखक, साल, पान क्रमांक देऊन.

पुस्तक कुठून आणायचं? आपल्याकडे १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, सावाना. पोरांना एकदा तिथे न्या, ग्रंथपालांना विचारायला लावा की सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराबद्दल काय मिळेल. ज्याला ग्रंथपालाला नीट प्रश्न विचारता येतो त्याला सर्चमध्येही नीट शब्द टाकता येतात. शिवाय मराठी विश्वकोश नेटवर फुकट वाचता येतो, तोही दाखवा. गोंदेश्वराचा फोटो कोणाच्या तरी साइटवरून उचलायचा नाही, स्वतः जाऊन काढायचा आणि विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या साठ्यात, खुल्या परवान्याने (कोणीही नाव देऊन वापरावा असा) टाकायचा. आपलं नाव खाली लागलेलं बघितलं की दुसऱ्याचं नाव का लावायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

मावशी लोकांना टाईप करायचा कंटाळा येतो, त्यांना बोलून लिहायला शिकवा, कीबोर्डवर माईक असतो. पण ते वाचून दुरुस्त करणं सक्तीचं, गावांची नावं आणि आडनावं हमखास बिघडतात. विषय घरचाच घ्या, पापडाचं प्रमाण, मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरताना कुठे अडलं आणि कसं सुटलं. हे दुसरंवालं तर जरूर लिहून घ्या, पुढच्या मावशीला त्याचा किती उपयोग होईल विचार करा. सिंहस्थ कुंभमेळा जवळ आलाय, बाहेरगावच्या नातेवाइकांसाठी खरी माहिती कुठे बघायची, बुकिंग करताना काय तपासायचं, याचं एक पान गटाने मिळून तयार करा आणि खाली तारीख टाका, माहिती बदलेल तशी तारीख बदला.

एआय

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ ला आलं आणि आता पोरं गृहपाठ त्यालाच विचारतात, हे धरूनच चाला, बंदी घालून काही होत नाही. एक उपयोगी सराव, त्याला आपल्याच मोहल्ल्याबद्दल, आपल्या शाळेबद्दल, गावच्या जत्रेबद्दल परिच्छेद लिहायला सांगा. मग प्रत्येक वाक्यापुढे खूण करा, बरोबर, चूक, किंवा माहीत नाही. वाक्यं सगळी एकसारखी ठाम असतात, पण खुणा वेगवेगळ्या पडतात, आणि ठाम बोलणं आणि खरं असणं यात अंतर असतं हे पोरांना स्वतःच्या गावावरून कळतं. "माहीत नाही" वाल्या ओळी घरी जाऊन आजोबांना विचारायच्या. निबंधासाठी नियम साधा, पहिला कच्चा मसुदा हाताने वहीत, मग एआयला म्हणायचं की यात काय कमी आहे त्याचे प्रश्न विचार, उत्तर लिहू नको. आणि काय विचारलं ते खाली लिहून ठेवायचं.

सांभाळणं

थोडक्यात सांगते. शाळेचा युनिफॉर्म आणि नावाची पट्टी दिसेल असा फोटो उघड्या अकाउंटवर नको, मैत्रिणीचा फोटो तिला विचारल्याशिवाय नको, आजीचं रेकॉर्डिंग आजीला विचारल्याशिवाय नको. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागेल असं म्हटलंय, तेव्हा शिकवणीवाले नाहीतर ॲपवाले उगाच आधार मागत असतील तर "कशाला हवंय?" विचारायचा हक्क पालकांना आहे. विचारा.

जमलं का ते कसं बघायचं

परीक्षा घेऊ नका, चार पर्यायांतून खूण करायची तर मुळीच नको. इथे ती वही लागते. डावीकडच्या पानावर या आठवड्यात काय आलं, शेअर, बातमी, फॉर्म, ऑफर, आणि उजवीकडे मी त्याचं काय केलं, कुठे बघितलं, काय सापडलं, कोणाला सांगितलं. दोन ओळीही चालतात. तीन-चार महिन्यांनी गटाच्या ग्रुपवर काही न बोलता एक जुना फोटो नव्या मजकुरासह टाका, नंतर सगळ्यांना खरं सांगायचं हे ठरवूनच, आणि बघा कोण काय करतं. कोणी पुढे पाठवला, कोणी विचारलं "कुठून आला", कोणी लिंक आणून दिली. ज्यांनी नुसतं विचारलं त्यांनाही शाबासकी द्या, ती पहिली पायरी आहे.

एखादी मावशी मागे पडत असेल तर तिची जोडी सातवी-आठवीतल्या पोराशी लावा, दहावीतल्याशी नको, मोठी पोरं हातातून फोन घेऊन स्वतःच करून टाकतात. जोडीला अट एकच, शिकवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही, फक्त तोंडाने सांगायचं. पहिले दोन रविवार दोघंही वैतागतात. तिसऱ्या-चौथ्याला मावशी स्वतःच मुक्त विद्यापीठाच्या साइटवर लॉगिन करून हॉल तिकीट काढते, आणि प्रिंट कुठे मिळेल एवढंच विचारते.